कुमशीचे संन्यासी



दत्तजयंतीच्या सप्ताहात घरोघरी श्रीगुरुचरित्राचे पारायण चालते. चोविसावा अध्याय आला की सगळ्यांचे लक्ष विश्वरूपदर्शनाकडे असते, आणि ते साहजिकच आहे. पण ते दर्शन कोणाला व कशामुळे झाले, हेही पाहण्यासारखे आहे.

त्रिविक्रमभारती काही नास्तिक नव्हते हो. चांगले संन्यासी, नित्य नृसिंहाची मानसपूजा करणारे. गाणगापुरात श्रीनृसिंहसरस्वती राजाच्या आग्रहावरून पालखीत बसतात, हे कळल्यावर त्यांनी कुमशीत बसल्या बसल्या ठरवून टाकले, हा संन्यासी दांभिक! मग झाले काय? पूजेला बसले तर नृसिंहाची मूर्ती काही केल्या ध्यानात येईना. निंदा केली दुसऱ्याची, अडली स्वतःची पूजा.

बँकेत संगणक येण्यापूर्वी संध्याकाळी हिशेब जुळला नाही, की आमचे एक सहकारी ताबडतोब शेजारच्या काउंटरकडे बोट दाखवायचे. हेडक्लार्क मात्र फरकाला नऊने भाग जातो का ते बघायचे. गेला, तर बहुधा अंकांची उलटापालट, ४५ च्या जागी ५४. मग म्हणायचे, "आधी ज्याने त्याने आपापले लेजर काढा." बोट दाखवणाऱ्यांचे लेजर सगळ्यांच्या शेवटी उघडायचे, आणि तोवर सगळ्यांचीच बस चुकायची.

मग काय, दुसऱ्याचा दोष दिसूच नये? तसे नाही. अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत पारवा आहे, मासा आहे. पिलांच्या मोहाने पारवा जाळ्यात शिरला, जिभेपायी मासा गळाला लागला, हे अवधूतांनी स्वच्छ पाहिले. पण पारवा कसा मूर्ख, हे ते चावडीवर सांगत बसले नाहीत. आपण काय सांभाळायचे तेवढे घेतले आणि वर त्या पारव्यालाच गुरू म्हटले! दोष पाहूनही मान देता येतो, हे आपल्या दत्तसंप्रदायाचे केवढे मोठे देणे आहे.

आणि आपण? पोथी समोर आणि कान स्वयंपाकघराकडे. सुनेचे सोवळे बरोबर नाही, नैवेद्याला उशीर झाला, शेजारच्याने ओळ गाळली. घरात असा एक जरी माणूस असला ना, तरी मुले हळूहळू खोटे बोलायला लागतात. खरे सांगितले तर महिनाभर ऐकून घ्यावे लागते, हे त्यांना ठाऊक असते.

श्रीगुरू स्वतः कुमशीला आले, तेव्हा बरोबरचे सगळे सैन्य त्रिविक्रमभारतींना दंडधारी यतीच दिसू लागले. यातले दांभिक कोण, हे ओळखायचे कसे? ते शरण गेले. श्रीगुरूंनी शाप दिला नाही. आम्हाला दांभिक म्हणतोस, तर दंभ म्हणजे काय ते सांग, असे विचारले आणि मग निजरूप दाखवले.

पुढच्याच अध्यायात दोन गर्विष्ठ पंडित जयपत्र मागत कुमशीला येतात. त्रिविक्रमभारती त्यांच्याशी वाद घालत नाहीत, नावेही ठेवत नाहीत. त्यांना घेऊन गाणगापूरला श्रीगुरूंकडे निघतात. ते दोघे सुखासनात आणि हे पायी.