देव, नदी आणि ‘पर्सोना’

मूर्तीच्या नावावर जमीन कशी असेल, नदी ‘व्यक्ती’ कशी होईल, असे वाद आपल्याकडे अधूनमधून गाजतात. भाविकाला त्यात वावगं दिसत नाही, बुद्धिवाद्याला तो शुद्ध वेडगळपणा वाटतो. पण व्यक्ती म्हणजे जिच्या आत जाणीव आहे असं कोणीतरी, हे दोघेही गृहीत धरतात. कायद्यातली व्यक्तीची कल्पना ज्या लॅटिन शब्दातून आली, त्या ‘पर्सोना’चा प्रवास पाहिला की हे गृहीतकच डळमळू लागतं.

पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. ज्यातून आवाज घुमतो तो, अशी व्युत्पत्ती रोमन लेखक ऑलस गेलियसने नोंदवली आहे. पण ‘सोनारे’ या क्रियापदातला ओकार ऱ्हस्व आणि पर्सोनातला दीर्घ, त्यामुळे ती टिकत नाही. इटलीत तार्क्विनिया इथल्या, इ. स. पू. सहाव्या शतकातल्या एका एट्रुस्कन थडग्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेला माणूस रंगवला आहे. त्याच्या हातातल्या दोरीला बांधलेलं कुत्रं, डोकं कापडात गुंडाळलेल्या दुसऱ्या माणसाला चावतं आहे आणि शेजारी ‘फर्सू’ असं लिहिलं आहे. शब्द बहुधा तिथून आला. मुखवट्यावरून तो नाटकातल्या पात्राकडे आणि पात्रावरून समाजातल्या भूमिकेकडे सरकला. सिसेरोच्या ‘दे ओरातोरे’मध्ये वकील अँटोनियस सांगतो की, खटल्याची तयारी करताना तो एकटाच तीन पर्सोना पेलतो: स्वतःची, प्रतिपक्षाची आणि न्यायाधीशाची. मराठी व्याकरणातल्या तीन ‘पुरुषां’नाही लॅटिनमध्ये हाच शब्द आहे. या साऱ्या अर्थांतून एकच धागा जातो: पर्सोना ही बोलण्याची आणि उत्तर देण्याची जागा आहे. त्या जागेवर कोण बसलं आहे, हा प्रश्न नंतरचा.

मग हा शब्द ईश्वरापर्यंत पोचला. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच तत्त्वाचे तीन पर्सोना मानले. मात्र एकच देव तीन सोंगं घेतो, असा अर्थ कोणी काढला तर काय, ही धास्ती उरलीच. ऑगस्टीनने तर मोकळेपणाने म्हटलं की, शब्द नेमका आहे म्हणून नव्हे, अगदीच गप्प बसावं लागू नये म्हणून तो वापरायचा. सहाव्या शतकात बोएथियसने व्याख्या बांधली: विवेकशील स्वभावाचं एकेकटं अस्तित्व म्हणजे पर्सोना. इथे मुखवटा गळून पडला आणि आतला माणूस पर्सोना झाला. आज ‘व्यक्ती’ म्हणताना आपल्या मनात असतो तो हाच, उशिरा आलेला अर्थ.

शब्दाच्या इतिहासावरून सत्य ठरत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण उत्तर देण्याची जागा कोणाला द्यायची आणि आत जाणीव आहे का, हे दोन वेगळे प्रश्न एकाच शब्दात कसे गुंतले, हे तर इतिहासावरूनच कळतं. गुजरातमधल्या डाकोरच्या रणछोडरायाचा खटला घ्या. देवापुढे येणारी दक्षिणा आणि दागिने आपल्याच मालकीचे, असा तिथल्या सेवकांचा दावा होता. 1887 साली मुंबई उच्च न्यायालयाने देवाला कायद्यातली व्यक्ती मानलं आणि सेवकांना विश्वस्त ठरवून हिशेबाला बांधलं. मूर्तीत चैतन्य आहे की नाही, हे न्यायालयाला ठरवावं लागलं नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, असं आपण म्हणतो. इथे पैशाचा हिशेब मागायलाच मुखवटा कामी आला. महाराष्ट्राला हे परकं वाटू नये. ज्येष्ठा गौरी मुखवट्यांनीच घरात उभ्या राहतात. तो मुखवटा काही लपवत नाही, आवाहनाला जागा करून देतो.

यावरचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. व्यक्तित्व ही दिलेली जागा असेल, तर ती काढूनही घेता येईल. रोमन कायद्याने हेच केलं: कायदेपंडित गायसने व्यक्तींच्या कायद्यात माणसांचे स्वतंत्र आणि गुलाम असे भाग पाडले, आणि गुलामाला स्वतःची मालमत्ता नव्हती. म्हणूनच बोएथियसचा अर्थ सोडून चालणार नाही. माणसाचं व्यक्तित्व कोणी दिलेलं नाही, त्यामुळे ते काढून घेण्याचा हक्कही कोणाला नाही. देव, नदी, कंपनी यांचं व्यक्तित्व मात्र आपण दिलेलं असतं. ते दिल्यामुळे कोणाला जाब विचारता येतो, हीच त्याची कसोटी. 2017 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना व्यक्ती ठरवलं, तेव्हा पुरात माणसं दगावली तर दावा कोणावर लावायचा, असा पेच राज्य सरकारने पुढे केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. नदीला चैतन्य नाही म्हणून तो निकाल अडला नाही. तिच्या वतीने कोण उत्तर देणार, हे धड ठरलं नव्हतं म्हणून अडला. डाकोरचा निकाल या कसोटीला उतरतो, गंगेचा उतरला नाही.