भीती कोणत्या गोळीची?

१९ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक साधीसुधी समजली जाणारी वेदनाशामक गोळी बाजारातून काढायला लावली. १९५७ पासून ती तिथे ‘डार्व्हॉन’ या नावाने विकली जात होती. निरोगी माणसांना नेहमीच्याच मात्रेत दिली तरी त्यांच्या ईसीजीतल्या रेषा बदलत होत्या, असे चाचणीत दिसले होते. ब्रिटनने २००५ मध्येच ती टप्प्याटप्प्याने बंद करायचे जाहीर केले होते. भारतात हेच रसायन, म्हणजे डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन, पॅरासिटामॉलच्या जोडीने ‘प्रॉक्सीव्हॉन’च्या कॅप्सुलांत मिळे. इथे त्याचे उत्पादन आणि विक्री स्थगित झाली ती २०१३ साली.

ही कॅप्सूल सहज हाती येत होती, त्याच काळात मॉर्फिन मात्र कुलपात होते. १९८५ च्या मादक द्रव्यविरोधी कायद्याने परवान्यांची आणि शिक्षेची अशी धास्ती बसवली, की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेश-राजस्थानातल्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, परदेशी जात होती आणि देशातला कर्करुग्ण विव्हळत होता. विशेष म्हणजे ज्या मॉर्फिनला सगळे घाबरले, ते नेहमीच्या मात्रेत हृदयाच्या लयीला फारसा धक्का लावत नाही. बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी आणि मात्रा फार झाली तर मंदावणारा श्वास, हे त्याचे दोष. अफूच्या कुळातली सगळी औषधे एकाच मापाने मोजली, की असा उफराटा हिशोब होतो.

हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेचा खेळ असतो. ठोका पडला की पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत व्हावे लागते आणि त्यासाठी पोटॅशियमचे कण ‘हर्ग’ नावाच्या सूक्ष्म वाटेने बाहेर पडावे लागतात. काही औषधे ही वाट अडवतात. मोरीचे भोक केसांनी तुंबले तर पाणी जाते, पण रेंगाळत जाते. तसेच इथे होते. ईसीजीवर हे रेंगाळणे ‘क्यूटी’ या अंतरात दिसते. नाडीच्या वेगानुसार दुरुस्ती करून हे अंतर पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांच्या आत असावे, असे मानतात. ५०० च्या पुढे गेले, की डॉक्टर सावध होतात. कारण तिथून ‘टोर्साद द प्वांत’ या लयबिघाडाचा धोका बराच वाढतो. फ्रेंच डॉक्टर फ्रांस्वा देसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात हृदयाचे खालचे कप्पे नुसते वेगाने फडफडतात, रक्त पुढे जात नाही आणि रुग्ण बेशुद्ध पडतो. कधी लय आपोआप सावरते, कधी सावरत नाही.

वेदनाशामकांत या बाबतीत सर्वाधिक बदनाम झाले ते मेथाडोन. जर्मनीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झाले. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवांडर यांनी हेरॉइनच्या व्यसनावर ते वापरले आणि त्याला नाव मिळाले. कर्करोगात त्याचे मोल वेगळ्याच कारणांसाठी आहे. गाठ नसांवर चढली, की होणारी आग आणि चमका अनेकदा मॉर्फिनला पुरती दाद देत नाहीत. तिथे मेथाडोन कधी कधी कामी येते. मूत्रपिंडे थकली असली तरी ते देता येते. शिवाय ते स्वस्त आहे.

पण औषध मोठे लहरी. वेदना चार ते आठ तास थांबते आणि औषध मात्र शरीरात रेंगाळते. ते निम्मे व्हायला कुणाला आठ तास लागतात, कुणाला साठच्या घरात. घाईने मात्रा वाढवली, तर ते साचत जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर येते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या वेदनाशामकांच्या चिठ्ठ्यांत मेथाडोनचा वाटा जेमतेम दोन टक्के होता, पण अशा औषधांच्या अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मृत्यूंशी त्याचा संबंध होता. अतिमात्रेत जीव बहुधा जातो तो श्वास मंदावल्याने. हृदयाचा धोका त्याहून विरळ, पण खरा. २००२ मध्ये मोरी क्रँत्झ आणि सहकाऱ्यांनी मेथाडोनवर असताना टोर्साद झालेल्या १७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ठळक इशारा दिला. मात्र त्या १७ जणांची सरासरी मात्रा दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास होती आणि कर्करोगाच्या वेदनेवर सुरुवात होते ती अडीच मिलिग्रॅमच्या दोन-तीन मात्रांनी. इशारा वाचताना ही तफावत डोळ्यांआड करून चालत नाही.

म्हणून कर्करुग्ण सुरक्षित, असेही नाही. त्याच्या अंगात मेथाडोन एकटे कधीच नसते. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, तापासाठी लेव्होफ्लॉक्सासिन ही सगळी क्यूटी वाढवणारी औषधे. कर्करोगावरच्या औषधांतही आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि नायलोटिनिब त्याच पंगतीत बसतात. उलट्या-जुलाबांत पोटॅशियम वाहून जाते, सिसप्लॅटिनमुळे मॅग्नेशियम लघवीवाटे गळते आणि ही दोन्ही कमी झाली, की लय आणखी डळमळते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने २०१० मध्ये शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेथाडोनची पहिली गोळी घेण्याआधीच त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांची क्यूटी लांबलेली होती. मेथाडोन सुरू झाल्यावर ती धोकादायकरीत्या वाढल्याचे मात्र क्वचितच आढळले. संशयित एकच धरून चौकशी केली, तर बाकीचे सुटतात, ते असे.

अमेरिकेतल्या वेदनातज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांचा भर आधी ईसीजी काढण्यावर आहे. क्यूटी ५०० च्या वर असेल, तर मेथाडोन सुरू करू नये. ४५० ते ५०० च्या दरम्यान असेल, तर दुसरा पर्याय पाहावा. पर्यायांनाही बारकावे आहेतच. ब्युप्रेनॉर्फिनच्या चिकटपट्टीची कमाल मर्यादा अमेरिकेत तासाला २० मायक्रोग्रॅम आहे, कारण ४० वर क्यूटी किंचित वाढलेली दिसली. युरोपात ७० ची पट्टी वापरात आहे. आकडे तेच, त्यांचा अर्थ लावणारे वेगळे. आयुष्याचे थोडेच दिवस उरलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर हिशोबच बदलतो. रात्रभर न झोपलेल्या माणसाला शांत झोप हवी, की एका विरळ धोक्यावर पहारा? हे कागदावरची रेषा सांगत नाही. ते रुग्णाला आणि घरच्यांना विचारूनच ठरवावे लागते.

भारतात २०१४ च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधांच्या परवान्यांची गुंतागुंत कमी केली. त्यामागे केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून असे रुग्ण सांभाळत आले आहे, पुण्यात सिप्लाचे केंद्र १९९७ पासून. मेथाडोन हाताळायला लागणारा सराव अशाच ठिकाणी होतो. कुलूप उघडल्यावर गरज आहे ती या सरावाची, नव्या धास्तीची नव्हे.

त्यातला काही भाग घरच्यांनाही पेलता येतो. सगळ्या औषधांची यादी, अॅसिडिटीची आणि झोपेचीसुद्धा, एकाच डॉक्टरने एकदा नजरेखालून घालावी. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ते सांगावे. पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासून घ्यावे. आणि मेथाडोनवरच्या रुग्णाला घेरी आली, तर ईसीजी निघेपर्यंत ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून ती सोडून देऊ नये.