आधी तिथं काय होतं ते विचार

कोल्हापूर,
मिरगाचा पहिला आठवडा

चि. बाळीस,


तुझा फोन आला त्या रात्री तुझे बाबा बराच वेळ गप्प बसून होते. पोरगी अमेरिकेत एवढं शिकली आणि आता खुरपं धरणार, हे त्यांना पचायला वेळ लागतोय. मी म्हटलं, दादा, आपल्या आईनं खुरप्यावरच आपल्याला शिकवलं. तेव्हा कुठं ते जेवायला उठले. काळजी मलाही आहे गं, पण वेगळी. म्हणून हे पत्र.

तू म्हणालीस, डेट्रॉइटमधलं तुमचं शेत म्हणजे पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा. मी तिथंच अडले. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचं ते शहर २०२० पर्यंत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. कामं गेली, माणसं गेली, घरं ओस पडली आणि मग पाडली. त्या जुन्या घरांच्या रंगात शिसं असायचं. तिकडं १९७८ साली घरांच्या रंगात त्यावर बंदी आली, पण आधीचा रंग भिंतींबरोबर मातीत गेलाच. शिवाय पूर्वीच्या पेट्रोलच्या धुरातलं शिसं. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि लहान पोरांच्या मेंदूवर परिणाम करतं. म्हणून कुदळ मारायच्या आधी विचार, इथं आधी काय होतं? माती तपासली का? कागद दाखवा म्हण. लाजू नकोस.

मी विचारलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी परसात हौसेनं वांगी लावली. शेणखत घातलं, पाणी घातलं, तरी पानं पिवळी पडायची, नुसत्या शिरा हिरव्या राहायच्या. दोन हंगाम मी तिथं राबले. मग शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, ‘अगं, तिथं चुन्याची भट्टी होती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’ ती रोज कुंपणापलीकडं बसलेली असायची आणि मी रोज तिच्यासमोरून पाण्याची घागर नेत होते. अजून आठवलं की वाईट वाटतं.

तुम्ही बाहेरून माती आणून उंच वाफे केलेत, हे चांगलं केलंत. पालेभाज्या आणि कंदमुळं त्यातच घ्या, त्यांना माती फार चिकटते. टोमॅटो, घेवडा यांचा धोका त्या मानानं कमी. वाऱ्यानं धूळ उडते, म्हणून वाटा भुश्यानं झाकून ठेवा. घरी आलीस की चपला बाहेर काढ, हात साबणानं धू, मगच घास घे. पाडलेल्या घरांच्या जागेत खिळे आणि काचाही असणार. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंयस ते बघ. आणि तुझ्या व्हिसावर हे काम चालतं ना, विद्यापीठातल्या कचेरीत त्याची नोंद झाली ना, हेही विचारून ठेव बाळा.

पण मातीइतकंच माणसांनाही विचारायचं. शहरातल्या मोकळ्या जागेत पिकवायची कल्पना काल-परवाची नाही. १८९४ साली, मंदीत लोकांची कामं गेली तेव्हा डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी पडीक जागा बेकारांना बटाटे लावायला दिल्या. या कामाला पैसा उभा करायला त्यांनी स्वतःचा घोडाही लिलावात काढला. पुढं अमेरिकेच्या दक्षिणेतून जी काळी कुटुंबं मोटारींच्या कारखान्यांत आली, त्यांतली कितीतरी शेतकरीच होती. आज रूज पार्कमध्ये मलिक याकिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभं केलेलं डी-टाउन हे सात एकरांचं शेत आहे. एकदा जाऊन ये. शिकवायला म्हणून नको, काम करायला जा.

तुमच्या गल्लीतल्या ज्या आजी सकाळी पायरीवर बसतात म्हणालीस, त्यांच्याजवळ बस. तो बिनगड्ड्याचा कोबी, कॉलर्ड, कधी लावायचा आणि थंडी पडल्यावर तो गोड का लागतो, हे त्या सांगतील. तुझ्या जागेवर कुणाचं घर होतं, तेही त्यांनाच ठाऊक असणार. आपल्याकडंही असंच झालं. श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक, पण त्यांच्या प्रयोग परिवारात द्राक्षबागायतदार एकमेकांना विचारून, करून बघून शिकले. कितीतरी बागा अशा उभ्या राहिल्या. तू तर तिथं पाहुणी, वर्षभरासाठी. तिथली माणसं तुझ्या आधीही होती आणि नंतरही तिथंच असणार आहेत.

इकडं सगळं ठीक. पाऊस वेळेवर आला, सोयाबीन टोकणं चालू आहे. काळी म्हैस व्याली, खरवस केला आणि तुझी आठवण काढली. आजीचा गुडघा दुखतो, पण शेताची फेरी चुकवत नाही.

गवारीचं बी पाठव म्हणालीस, ते नाही पाठवत. असं बी परवानगीशिवाय तिकडं नेता येत नाही, उगीच अडचणीत येशील. तुझ्या फोडणीच्या डब्यात मेथीदाणे असतील ना? ते रात्रभर भिजव आणि उंच वाफ्यात टाक. तीन-चार आठवड्यांत जुडी निघेल. पहिली जुडी त्या आजींना दे, आणि त्या तिचं काय करतात ते मला कळव.

तुझी,
आत्या