पुरते माप

सर्व स्तुती अल्लाहसाठी, आणि दरूद व सलाम आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर.



हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनवासीयांना एकेश्वरत्वाचे आवाहन केले आणि त्यासोबतच माप व वजन पुरते देण्याचा आदेश दिला. ईमान आणि तराजू यांचे नाते इतके निकटचे आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये, स्वतः पुरेपूर घेणाऱ्या व इतरांना घटवून देणाऱ्या लोकांना विनाशाची ताकीद आहे. ही ताकीद केवळ धान्याच्या दुकानापुरती नाही. असरची नमाज चुकवणाऱ्या माणसासाठीही हजरत उमर (रजि.) यांनी हाच ‘ततफीफ’चा शब्द वापरल्याचे इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये आले आहे. जेथे कोणाचा हक्क आहे, तेथे माप आहे.

मग मुलांच्या शिक्षणाचे माप कसे भरले जाते?

अमेरिकेतील सॅन अँटोनियो शहराचे उदाहरण पाहा. तेथे शाळांच्या खर्चाचा एक भाग त्या-त्या भागातील घर-जमिनीवरील करातून येत असे. एजवूड भागातील सुमारे ९० टक्के विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते. अलामो हाइट्स हा प्रामुख्याने गोऱ्यांचा भाग. १९६७-६८ साली एजवूडने १०० डॉलर मूल्यामागे १.०५ डॉलर कर दिला आणि विद्यार्थ्यामागे हाती आले २६ डॉलर. अलामो हाइट्सने केवळ ०.८५ डॉलर दिला आणि मिळवले ३३३ डॉलर. सरकारी अनुदाने जमेस धरूनही एका मुलाच्या वाट्याला ३५६, तर दुसऱ्याच्या वाट्याला ५९४ डॉलर आले. ज्याने अधिक दराने दिले, त्याच्याच पदरात कमी पडले.

डेमेट्रिओ रॉड्रिग्ज या कामगार पित्याने इतर पालकांसह १९६८ साली न्यायालयात दाद मागितली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी या निकालाशी ठाम असहमती नोंदवली.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, कोणी अधिकारी मुलाचा वर्ण पाहून पैसे कापत नव्हता. भेदभाव आधीच होऊन गेला होता. कित्येक वस्त्यांतील खरेदीखतांमध्येच, गौरेतरांना घर विकू नये अशा अटी घातल्या जात. त्यामुळे वस्त्या विभागल्या, जमिनींची किंमत विभागली आणि अखेरीस मुलांचे भवितव्यही. माप मारणारा हात दिसत नाही, तरी माप खोटेच राहते. ‘मी कोणाचा द्वेष करीत नाही’ एवढे म्हणून अशा तराजूचा लाभ घेणारा निर्दोष ठरत नाही.

सूरह अबसमध्ये, ज्ञानाची आस घेऊन आलेल्या एका अंध सहाबींचा हक्क कुरैशच्या सरदारांहून वरचढ ठरवला गेला. ज्ञानाच्या दारी ऐपत विचारली जात नाही.

म्हणून आपल्या तराजूकडेही पाहावे. प्रत्येक मोहल्ल्याने केवळ आपल्याच वर्गणीवर आपला मकतब चालवायचा, हा नियम निरुपद्रवी दिसतो. परंतु त्याने सधन मोहल्ल्याला उत्तम शिक्षक मिळतो आणि हातावर पोट असणाऱ्या वस्तीला फाटकी चटई. सधन जमातींनी आपल्या वार्षिक हिशोबात शेजारच्या वस्तीच्या मुलांचा ठराविक वाटा लिहावा. तो उपकार नव्हे. ते पुरते माप आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना न्यायाने तोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.