मधल्या दिवसांची व्यवस्था

आषाढात दारव्ह्याहून कोणत्याही रस्त्याने निघाले की दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची वावरे लागतात. सरकी टोबून आठ-दहा दिवस झालेले असतात आणि ओटीत बी घेतलेल्या बाया तासातासाने चालत असतात. जिथे अंकुर दिसत नाही तिथे वाकायचे, बोटाने माती उकरायची, बी लावून पुढे सरकायचे. याला नांग्या भरणे म्हणतात. मग विरळणी, डवरणी, निंदण आणि पाऊस उघडला की पुन्हा डवरणी. टोबणीच्या दिवशी वावरात नारळ फुटतो, पहिल्या वेचणीला सीतादही होते. नांग्या भरायच्या दिवशी नारळ फोडताना कोणी दिसत नाही. पाऊस आणि भाव शेतकऱ्याच्या हातात नसतात. त्याच्या हातात जे असते, त्यातले बहुतेक याच दिवसांत असते.

माणसाने मनापासून हाती घेतलेली मोठी कामेही अशाच दिवसांत तरतात किंवा रखडतात. काम अर्धवट राहिले की आपण त्या माणसाला आरंभशूर म्हणून मोकळे होतो. मला हे निदान पटत नाही. सुरुवातीला उत्साह आपोआप येतो आणि शेवटी कौतुक होते. मधल्या लांबलचक काळाची तजवीज मात्र कोणी केलेली नसते. घोडे पेंड खाते ते तिथे.

आपल्या तालुक्यातलेच उदाहरण घेऊ. इथे बंजारा तांडे पुष्कळ आहेत. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांना होळीच्या लेंगी तोंडपाठ असतात. एखादा शिकलेला नातू मोबाइल काढतो आणि दोन दिवसांत आजीची तीस-चाळीस गाणी ध्वनिमुद्रित करतो. खरे काम त्यानंतरचे असते. प्रत्येक गाणे ऐकत ऐकत उतरवून काढायचे, कोणी कोणत्या तांड्यात म्हटले ते लिहायचे, न कळलेला शब्द विचारायला परत जायचे. हे महिनोन्महिने चालणारे काम आहे आणि ते करताना कोणी पाहत नसते. मोबाइल बिघडतो, नोकरीसाठी गाव सुटते आणि आजीही जाते. त्या मुलाच्या तळमळीत काही कमी नव्हते. कमी होती ती एका ठरलेल्या वाराची आणि वाट पाहणाऱ्या एका माणसाची.

वाट पाहणारा माणूस काय करू शकतो, हे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या कामात दिसते. अमरावतीत शिकलेला, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट 1911 मध्ये मिळवलेला हा माणूस परतला आणि पुढे मराठीत ज्ञानकोश करायला लागला. नागपुरात त्यांनी त्यासाठी रीतसर कंपनी काढली. लोकांना भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि पुढे काम पुण्याला हलवले. 1920 पासून एकेक खंड बाहेर पडत गेला आणि दशकाच्या अखेरीपर्यंत ज्ञानकोश 23 खंडांचा झाला. केतकरांची विद्वत्ता अफाट होती, पण नुसत्या विद्वत्तेवर 23 खंड होत नाहीत. पुढच्या खंडाचे पैसे भरून बसलेला वर्गणीदार कामाला जुंपून ठेवतो. केतकरांनी स्वतःला मुद्दाम शब्दात अडकवून घेतले होते. या उद्योगाच्या इतिहासाला त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ असे साधे नाव दिले. त्या बारा वर्षांतली बहुतेक नांग्या भरण्यातच गेली असणार.

यातच दुसरी गोष्ट आहे. मोठे काम असे तोडावे की त्याचा प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील. ज्ञानकोशाचा एक खंड हाती पडला तरी तो उपयोगाचा होता. इंग्रजीचा ऑक्सफर्ड शब्दकोशही 1884 पासून भागाभागाने छापला गेला आणि 1928 मध्ये पुरा झाला. मुख्य संपादक जेम्स मरे 1915 मध्येच वारले होते, तरी काम थांबले नाही. दारव्ह्यातून जाणाऱ्या वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची आपण कित्येक वर्षे वाट पाहत आहोत. पण वर्धा ते कळंब हा तुकडा तयार झाला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्यावर गाडी धावू लागली. नातवानेही चाळीस गाण्यांचे पुस्तक मनात धरण्याऐवजी पाच गाणी नीट उतरवून तांड्यात वाचून दाखवावीत. ती पाच तरी कायमची वाचतील.

मग ज्या कामाला वर्गणीदार नाही, त्याचे काय? आपल्याच जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे उत्तर मला मोठे वाटते. यवतमाळात वकिली, टिळकांच्या मागे राजकारण, 1930 मध्ये पुसदचा जंगल सत्याग्रह, पुढे बिहारचे राज्यपालपद आणि लोकसभा. इतक्या धकाधकीच्या आयुष्यात त्यांनी उतारवयात टिळकांवर हजारो श्लोकांचे ‘श्रीतिलकयशोर्णव’ हे संस्कृत महाकाव्य लिहून पुरे केले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 1973 मध्ये, आणि अणे गेले होते 1968 मध्ये. संस्कृत महाकाव्याला विसाव्या शतकात वाचक किती मिळणार, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. ज्याच्यामुळे आपले आयुष्य घडले त्याचे ऋण फेडायचे, एवढे कारण त्यांना पुरले. मधल्या कोरड्या दिवसांत पुरेल इतके खोल कारण असेल तरच काम हाती घ्यावे. ‘केलेले बरे’ एवढ्यावर घेतलेली कामे सोडून द्यावीत, आणि तीही वेळेवर. विरळणीत चांगली रोपेही उपटावी लागतात.

आणखी एक शहाणपण आपल्या सणांमध्ये आहे. पोळा श्रावण अमावास्येला येतो, हंगाम ऐन मध्यावर असताना. कापसाचे एक बोंडही अजून घरात आलेले नसते. तरी आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, कारण डवरणीत जू तिथेच घासलेले असते. ज्याने मधले दिवस ओढले त्याचा मान मधल्या दिवसांतच करायचा, फळाची वाट पाहायची नाही. लांबच्या कामातही असा एक थांबा आधीच ठरवून ठेवावा. किती झाले ते मोजावे, कुठे दुखते ते पाहावे, सोबतच्यांना जेवू घालावे आणि मग पुन्हा तासाला लागावे.

दारव्ह्यासारख्या गावात करण्याजोगी कामे ढीगभर पडली आहेत. लेंगी लिहून काढायच्या आहेत, पांदणीच्या कडेला झाडे जगवायची आहेत, जुन्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी करायची आहे. यांतल्या कुठल्याही कामाला अलौकिक बुद्धी लागत नाही. एक काम निवडा, त्याचा वार ठरवा, पहिला तुकडा कोणाला दाखवणार ते त्या माणसाला आजच सांगून टाका आणि पोळ्याच्या आत तो पुरा करा. उत्साह मधेच ओसरणार, हे धरूनच चाला. तो ओसरल्यावरही काम चालू राहील अशी सोय ज्याने केली, त्याचेच काम गावाच्या उपयोगी पडते.