वाडा कोकणातला, सातबारा आमचा

2019 चा एप्रिल. अमळनेर तालुक्यात मावशीच्या गावी बिबडे करायचे होते, म्हणून आदल्या दिवशीच धुळ्याहून जाऊन राहिलो होतो. पहाटे पाचला चूल पेटली. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा पातेल्यात रटरटत होता आणि पोरं वाट्या घेऊन आजूबाजूला घुटमळत होती. ओल्या फडक्यावर बिबडे थापायचे आणि फडक्यासकट खाटेवर उलटे टाकायचे, असं काम. गल्लीतल्या सात-आठ बाया, हात चिकट, डोळ्यांत झोप. झोप राहिली होती ती अण्णा नाईकांमुळे.

‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व त्या जानेवारीत झी मराठीवर सुरू झालं होतं. रात्री साडेदहाला सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, माधव अभ्यंकरांचे अण्णा, अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. बोली मालवणी. आमच्याकडची अहिराणी. मधे अख्खा सह्याद्री आडवा, तरी मालिकेतल्या पांडूचं ‘इसरलंय’ आमच्या गल्लीतल्या पोरांच्या तोंडी पक्कं बसलेलं.

त्या सकाळी मी घाबरलेल्या बायकांची चर्चा ऐकायच्या तयारीत बसलो होतो. हडळ, उतारा, अमावस्या असलं काहीतरी. पहिला प्रश्न आला तो असा: “पन जमीन कोना नाववर शे?”

यावरून जी जुंपली ती ऊन चटके देईपर्यंत. अण्णांचा मुलगा माधव शिकला, मुंबईला गेला, त्याने हिस्सा मागावा का? त्याचा भाऊ दत्ता घरी राहून राबला, त्याचं काय? आणि एकीने, बिबडा थापता थापता, मान वर न करता अण्णांच्या मुलीबद्दल विचारलं, “छायाले काय भेटी?” भुताचा विषय अधूनमधून निघायचा, जसा घरात म्हाताऱ्याच्या खोकल्याचा निघतो.

भयकथेच्या मालिकेवर आपल्याकडे जी टीका होते ती ‘लोक हे खरं मानतील’ या भीतीपोटी. 2016 मध्ये पहिलं पर्व आलं तेव्हा मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते, अशा तक्रारी झाल्याच. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. जादूटोणाविरोधी कायदाही नवा होता. त्यामुळे त्या तक्रारींना वजन होतं, त्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळतात, हे आम्हा खानदेशी माणसांना कुणी शिकवायला नको.

तरीही मला तो आक्षेप चुकीच्या दारावर थाप मारणारा वाटतो. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, सोलापूरकडची माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, एवढी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. तिच्यात ना भूत होतं, ना वाडा, ना पार्श्वसंगीत. आलेला मजकूर पुढे ढकलायचा असतो, त्यावर बिबडे थापत तीन तास वाद कुणी घालत नाही. मालिकेच्या भागावर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उलटतपासणी होते. हा काल असं म्हणाला होता, आज असं कसं वागतो? ज्या गोष्टीची अशी उलटतपासणी होते तिच्यावर माणसं आंधळेपणाने विश्वास ठेवत नाहीत. माझं हे म्हणणं सगळीकडे लागू पडेल असा दावा नाही, पण त्या खाटेभोवती ते पडत होतं.

आणि मेलेला माणूस परत येतो याचं कारण बायकांना ठाऊक होतं: लोकांना आवडला म्हणून. पहिल्या पर्वात अण्णा सुरुवातीलाच मेले, दुसऱ्यात कथाच मागे नेऊन त्यांना जिवंत केलं. अमेरिकेत हे फार आधी घडलं होतं. एबीसी वाहिनीवर 1966 ते 1971 ‘डार्क शॅडोज’ नावाची मालिका दुपारी लागायची, 1225 भागांची. सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत, प्रेक्षक मिळेनात म्हणून, बार्नाबस कॉलिन्स हा रक्तपिपासू त्यात आणला. काही आठवड्यांचा पाहुणा म्हणून आलेला बार्नाबस जवळपास शेवटपर्यंत हलला नाही, आणि शाळकरी पोरं त्याच्यासाठी धावत घरी यायची. तोही परका नव्हताच, त्याच घराण्यातला पूर्वज. जुनं घर, कुलूपबंद खोली, आणि हक्क सांगत परत आलेला थोरला. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात, फक्त दिवे मालवलेली.

खानदेशात वाड्यांपेक्षा धाब्याची घरं जास्त. मातीचं सपाट छप्पर, उन्हाळ्यात त्यावरच अंथरुणं. तिथे कुलूपबंद खोलीची भुतं कुठली रमणार! अंधाराशी आमची ओळख वेगळी. शेतीपंपाची वीज पाळीने रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन पाणी भरायला निघतो, आणि त्याला धास्ती असते ती सापाची, बिबट्याची. अशा घरात नाईकांचा वाडा पाहिला गेला तो वाटणीसाठी.

छायाचा प्रश्न विचारणारी माझी मावशीच होती. 1994 पासून महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क आहे, 2005 पासून देशभर. मावशीने त्यानंतर कधीतरी हक्कसोडपत्रावर सही केली. का केली, असं तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. माहेर तुटू नये म्हणून बाया सह्या करतात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. स्वतःच्या बापाबद्दल ती चकार शब्द काढायची नाही. अण्णांबद्दल मात्र तिचं तोंड कुणी धरलं नव्हतं.

7 मेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. मावशी माहेरी, मामाकडे आली, मीही होतो. मामाने पितरांची घागर भरली, वर डांगर ठेवलं. चुलीतल्या निखाऱ्यांवर सांजोरीचा तुकडा टाकून आगारी दिली. मावशीनेही बापाच्या नावाने घास टाकला, हात जोडले, धुराने डोळे पुसले.

रात्री साडेदहाला मामानेच टीव्ही लावला. पडद्यावर अण्णा कुणाच्या तरी जमिनीवर नजर ठेवून मिशीतल्या मिशीत हसत होते.

“भलता लोभी शे बाप,” मावशी म्हणाली.

मामाने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.