दंड, दृष्टी आणि द्रष्टा
न्यायदर्शनात इंद्रिय आणि विषय यांच्या संबंधातून होणाऱ्या ज्ञानाला प्रत्यक्ष, आणि धुरावरून अग्नी ओळखावा तसे खुणेवरून होणाऱ्या ज्ञानाला अनुमान म्हणतात. रक्तदाब मोजण्यासाठी रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली आणलेला दंडाचा पट्टा व त्याखालील धमनीचे ध्वनी ऐकण्याची कोरोत्कोव्ह यांची १९०५ सालची रीत ही अनुमानाची साधने होत. परंतु हेल्महोल्ट्झ यांच्या १८५१ सालच्या नेत्रदर्शकाने दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यामागचा प्रकाशग्राही पडदा, उजळला की जिवंत रक्तवाहिन्या कातडी न कापता प्रत्यक्ष दिसतात, आणि रक्तदाब दीर्घकाळ चढलेला असेल तर अरुंद, चकाकणारी धमनी जिथे शिरेला ओलांडते तिथे ती शीर दबून तुटल्यासारखी भासते.

‘दृग्दृश्यविवेक’ या वेदान्तग्रंथाच्या आरंभी डोळा हा रूपाचा द्रष्टा, पण मनाचे दृश्य ठरतो. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीतही, एरवी जग पाहणारा डोळा स्वतःच पाहिला जातो, आणि त्यात दिसते ते साऱ्या देहाचे वर्तमान. म्हणून चष्म्याच्या नंबरासाठी आलेल्याचा दंड आवळून रक्तदाब मोजणे ही निव्वळ औपचारिकता नव्हे, कारण अवयवी, म्हणजे अवयवांत राहणारी पण त्यांच्या बेरजेहून निराळी अखंड वस्तू, प्रत्येक अवयवात नांदते, हे नैयायिकांचे मत इथे खरोखर पटते. मात्र अनुमानाचा धूर कधी फसवतो: डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या धास्तीनेही रक्तदाबाचा आकडा चढतो, आणि तेव्हा रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवून तो पुन्हा मोजावा लागतो.